सोनोग्राफीत कॅन्सरचा संशय, पण निकाल तुकड्याचा: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसच्या रुग्णाने आणि घरच्यांनी काय करावे

तिशीच्या आसपासच्या बाईच्या स्तनात घट्ट गाठ लागते, काही दिवसांत तिच्यावरची कातडी लालसर होते, बोंड आत ओढले जाते, काखेत अवधाण येते, आणि सोनोग्राफी केली की अहवालाच्या शेवटच्या ओळीत कॅन्सरचा संशय नोंदवलेला असतो. असा कागद हाती आला की बहुतेक घरांत पुढचे बोलणे एकतर थेट ऑपरेशनचे होते, नाहीतर थेट मुंबईचे. ते स्वाभाविक आहे. परंतु हेच सगळे चित्र इडिओपॅथिक, म्हणजे नेमके कारण न सापडणाऱ्या, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस या विरळ आजारातही दिसते, आणि हा आजार कॅन्सर नव्हे, दाह आहे. १९७२ साली केसलर आणि वोलोक यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन केले, तेव्हा शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ही विकृती कॅन्सरसारखी भासते असे नमूद केले होते. पन्नास वर्षांत सोनोग्राफी, एमआरआय आणि पेट स्कॅन आले, तरी ती अडचण सुटलेली नाही, कारण या तपासण्या गाठीचे रूप दाखवतात, गाठ कशाची आहे ते सांगत नाहीत.

म्हणून निकाल तुकड्यावरूनच, म्हणजे गाठीतून काढलेल्या मांसाच्या बारीक तुकड्याच्या तपासणीवरूनच (बायोप्सी), लावावा लागतो. तो तुकडा केव्हा काढावा, कशात पाठवावा, त्याचा अहवाल कसा वाचावा आणि त्यानंतरचे महिने कसे सांभाळावेत, हे मराठवाड्यातील रुग्ण आणि त्यांचे घरचे डोळ्यांपुढे ठेवून पुढे लिहिले आहे.

संशय केव्हा घ्यावा

हा आजार प्रामुख्याने मूल झालेल्या, बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना होतो. शेवटच्या बाळंतपणाला दोन-चार वर्षे झालेली असतात, अंगावरचे पाजणे बंद झालेले असते, आणि तरीही घरात ‘दूध साचून गाठ झाली असेल’ असे म्हणून दिवस ढकलले जातात. गाठ बहुधा एकाच बाजूला असते आणि बऱ्याचदा दुखते. पुढे तिला तोंड फुटून पू येतो. एक तोंड भरते आणि शेजारी दुसरे फुटते. काही रुग्णांच्या नडग्यांवर याच सुमारास लाल, दुखऱ्या गुठळ्या येतात आणि सांधे धरतात. स्तनाच्या दुखण्यासाठी आलेली बाई पायांबद्दल आपणहून बोलत नाही आणि विचारणाऱ्यालाही ते सुचतेच असे नाही. परंतु ही खूण आजार ओळखायला चांगली मदत करते, म्हणून ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. मानसिक आजारावरची काही औषधे, विशेषतः रिस्पेरिडोन, घेत असल्यास तेही सांगावे, कारण त्यांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि त्याचा या आजाराशी संबंध आढळला आहे.

गाठीवर बिब्बा घालणे किंवा चुना-हळदीचा लेप देणे आपल्याकडे अजून चालते. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि मग लाली आजाराची किती आणि बिब्ब्याची किती हे तपासणाऱ्यालाही ठरवता येत नाही. स्तनाच्या कातडीचा रंग आणि पोत हा कॅन्सर ओळखण्यातला महत्त्वाचा धागा आहे. तो आपल्याच हाताने पुसून टाकू नये.

गावातील किंवा तालुक्यातील डॉक्टर सुरुवातीला गळू समजून अँटिबायोटिक देतात. एक कोर्स देऊन पाहणे गैर नाही. पण आठवडा-दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर तिसरे आणि चौथे अँटिबायोटिक बदलत बसण्याऐवजी तुकडा काढण्याची वेळ आली असे समजावे. हा नियम दोन्ही बाजूंनी उपयोगाचा आहे, कारण कॅन्सरचा एक आक्रमक प्रकारही लाल, सुजलेल्या स्तनाच्या रूपात येतो आणि गळू समजून त्याला दिलेला प्रत्येक आठवडा रुग्णाच्या विरुद्ध जातो. बाई गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे एवढ्या कारणाने तुकड्याची तपासणी पुढे ढकलू नये.

अहवालातील आकडा

सोनोग्राफीच्या किंवा मॅमोग्राफीच्या अहवालाखाली ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि त्यापुढे एक आकडा असतो. रेडिओलॉजिस्टला वाटणारा संशय किती दाट आहे, हे तो सांगतो. ३ म्हणजे गाठ बहुधा निरुपद्रवी. ४ म्हणजे तुकडा काढण्याइतका संशय. ५ म्हणजे कॅन्सरची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून अधिक. ४ चा पल्ला फारच मोठा आहे, २ टक्क्यांपासून थेट ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणून त्याचे ए, बी, सी असे तीन भाग केलेले असतात. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसची गाठ पुष्कळदा ४ मध्ये आणि क्वचित ५ मध्ये नोंदवली जाते. ५ वाचून धीर सोडू नये, आणि या आजाराबद्दल कुठेतरी वाचले म्हणून ५ ची टिंगलही करू नये. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की आता तुकडा काढलाच पाहिजे.

सोनोग्राफीत या आजाराची एक लकब मात्र दिसते. वेड्यावाकड्या काळसर गाठीतून नळ्यांसारखे फाटे निघून आजूबाजूच्या भागात घुसलेले दिसतात, आणि लहान-लहान पुवाचे साठे एकमेकांना जोडलेले असतात. अनुभवी रेडिओलॉजिस्टला यावरून शंका येते आणि तो अहवालात तसे लिहितोही. तरुण स्त्रीचा स्तन दाट असल्यामुळे मॅमोग्राफीत फारसे स्पष्ट दिसत नाही. एमआरआयने आजार किती पसरला आहे ते कळते, कॅन्सर आहे की नाही हे खात्रीने कळत नाही. पेट स्कॅनची तर घाई करूच नये: त्यात वापरलेली साखर कॅन्सरच्या पेशी ओढून घेतात तशीच दाहाच्या पेशीही ओढून घेतात, त्यामुळे स्तन आणि काख दोन्ही ठिकाणी ‘लागलेले’ दिसते आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. तुकड्याआधी पेट स्कॅनवर पैसे घालणे माझ्या मते बहुतेक घरांसाठी निव्वळ भुर्दंड आहे.

तुकडा आणि दोन बाटल्या

बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरवण्याची तपासणी स्वस्त आहे आणि लगेच होते, पण या आजारात तिच्यावर विसंबता येत नाही. दाहातील चिडलेल्या पेशी कधी कॅन्सरसारख्या दिसतात, आणि कधी सुई नेमकी पुवात गेल्याने मूळ आजार हुकतो. म्हणून सोनोग्राफीत पाहत जाड सुईने, जागा बधिर करून, गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून चार-सहा तुकडे काढावे लागतात. याला कोअर बायोप्सी म्हणतात. भूल देऊन पूर्ण गाठच काढून टाकावी, एकदाच काय तो निकाल लागेल, असा सल्ला कोणी दिला, तर ‘आधी जाड सुईचा तुकडा का नको?’ हा प्रश्न नम्रपणे पण हमखास विचारावा. या आजारातली मोठी जखम महिनोन्‌महिने भरत नाही, चिघळते, आणि स्तनाचा आकार जातो तो जातोच. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही चुकीची समजूत खेडोपाडी पक्की बसलेली आहे; तिच्यापायी नकार देऊ नये.

ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, ती आहे बाटल्यांची. तुकडे सहसा सगळेच फॉर्मेलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीत टाकले जातात. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी ते बरोबरच आहे, परंतु फॉर्मेलिनने जंतू मरतात, आणि मग क्षयरोगाचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करायचे ठरले तर हाती काहीच उरत नाही. पुन्हा सुई, पुन्हा खर्च, पुन्हा सुट्टीचा दिवस. म्हणून तुकडा काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, की एक-दोन तुकडे निर्जंतुक बाटलीत, साध्या सलाइनमध्ये, वेगळे ठेवावेत. त्यातून क्षयरोगासाठी सीबीनॅट (क्षयजंतूंचे जनुक शोधणारी तपासणी) आणि कल्चर, तसेच साध्या जंतूंचे कल्चर करता येते. गाठीत पू असेल तर तोही वेगळ्या निर्जंतुक बाटलीत घ्यावा. पुष्कळ ठिकाणी बाटल्या लॅबमध्ये पोहोचवण्याचे काम नातेवाइकांकडेच येते. तेव्हा हातात घेण्यापूर्वी प्रत्येक बाटलीवर रुग्णाचे पूर्ण नाव, डावी की उजवी बाजू आणि तारीख आहे ना, ते पाहावे. फॉर्मेलिनला नाकात झोंबणारा वास असतो, सलाइनला वास नसतो. शंका आली तर झाकण न उघडता तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांकडूनच खात्री करून घ्यावी. फॉर्मेलिनची बाटली दुसऱ्या दिवशी पोहोचली तरी चालते, सलाइनची त्याच दिवशी पोहोचली पाहिजे.

आधी कोणकोणती अँटिबायोटिक्स घेतली, त्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि लिनेझोलिड यांसारखी औषधे क्षयाच्या जंतूंवरही काम करतात आणि त्यामुळे क्षय असूनही तो तपासणीत सापडेलच असे नाही.

ही सोय कुठे होते, हा प्रश्न साहजिकच येतो. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि तेथील शासकीय कर्करोग रुग्णालय, तसेच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडे शस्त्रक्रिया, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी हे तिन्ही विभाग एका आवारात आहेत, आणि या आजारात तिघांनी एकमेकांशी बोलणे फार गरजेचे असते. धाराशिवकडच्या लोकांना बार्शीचे कॅन्सर रुग्णालय जवळ पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, हे दाखल होण्याआधी, रेशनकार्ड हातात ठेवून, तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे.

तुकड्याचा अहवाल कसा वाचावा

अहवालात ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ एवढेच लिहिले असेल तर काम अर्धवट राहिले आहे. आजाराचे निदान करणाऱ्या अहवालात काय दिसले तेही लिहिलेले असते: दूध तयार करणाऱ्या लोब्यूलभोवती केंद्रित झालेले ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे घट्ट पुंजके, त्यांत बहुकेंद्रकी मोठ्या पेशी आणि बारीक पुवाचे कण. काही तुकड्यांत पुवाच्या पेशींनी वेढलेल्या रिकाम्या पोकळ्या दिसतात आणि त्यांत कोरिनेबॅक्टेरियम जातीचे जंतू सापडतात. त्यातला कोरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेटी हा जंतू स्निग्ध पदार्थांवर वाढतो आणि सावकाश वाढतो, त्यामुळे नेहमीच्या कल्चरमध्ये दोन दिवसांत ‘काही उगवले नाही’ असा अहवाल येतो. अहवालात अशा पोकळ्यांचा उल्लेख असेल तर कल्चर जास्त दिवस ठेवण्याची विनंती करावी.

आता सर्वांत महत्त्वाची पडताळणी. सोनोग्राफीत बायरॅड्स ५ आणि तुकड्यात नुसताच ‘अविशिष्ट दाह’ असे आले, तर हे दोन अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी ‘कॅन्सर नाही’ म्हणून पेढे वाटू नयेत. सुई बाजूला गेली असण्याची शक्यता धरून तुकडा पुन्हा काढावा लागतो. तुकड्यात ग्रॅन्युलोमा स्पष्ट दिसले आणि सोनोग्राफीतही नळ्यांसारखे फाटे होते, तर दोन्ही जुळतात आणि पुढे जाता येते. ही जुळणी तपासणे डॉक्टरांचे काम आहे, परंतु दोन अहवाल दोन शहरांतले असतील तर ते एका टेबलावर एकत्र ठेवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

दुसरे मत घ्यायचे असेल तर कागदांच्या झेरॉक्स पुरत नाहीत. लॅबमध्ये तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जतन केलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. रीतसर अर्ज केला की ब्लॉक आणि तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा मिळतात, आणि परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यांचीच फेरतपासणी होते. ब्लॉकचे मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे तापमान सहज होते, तेव्हा प्रवासात ब्लॉक पिशवीत, सावलीत आणि स्वतःजवळ ठेवावा.

ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षय नव्हे

अहवालात ग्रॅन्युलोमा हा शब्द दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिच्यामागे कारणही आहे: क्षय आपल्याकडे भरपूर आहे आणि तो स्तनातही होतो. तरीही अंदाजाने सहा महिन्यांचे औषध सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. तुकड्यात क्षयात आढळणारी, पेशी मरून झालेली भुकटीसारखी मृत जागा दिसली का? क्षयजंतू दिसावेत म्हणून तुकड्याला खास रंग देऊन पाहिले का? सीबीनॅटचे काय झाले? कल्चर लावले आहे का? सीबीनॅटचा निकाल लवकर येतो. द्रव माध्यमातील कल्चर सहा आठवडे ठेवतात. पुरावा मिळाला तर औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि ती पूर्ण घ्यावीत. पुरावा काहीच नसताना गोळ्या सुरू केल्या आणि तीन महिन्यांनी गाठ ओसरली, तरी ती औषधाने ओसरली असे म्हणता येत नाही, कारण ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस स्वतःहूनही ओसरतो.

उलट बाजू तितकीच गंभीर आहे. या आजारावर स्टेरॉइड देतात, आणि आत क्षय दडलेला असताना स्टेरॉइड दिले तर तो भडकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि वरील तपासण्या झाल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नये, हा आग्रह धरावा. सोबत रक्तातील साखर, रक्तदाब आणि कावीळ ब यांची तपासणी करून घ्यावी.

उपचार आणि वाट पाहणे

निदान पक्के झाले आणि गाठ लहान, फारसे न दुखणारी असेल, तर काही डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात. हा सल्ला घरच्यांना पटत नाही. ‘एवढ्या तपासण्या केल्या आणि औषध काहीच नाही?’ असे वाटते. पण अनेक रुग्णांत आजार काही महिन्यांपासून दीड-दोन वर्षांत आपोआप शमतो, आणि वाट पाहणे हाही विचारपूर्वक निवडलेला उपचार असतो. पुवाचा साठा झाल्यास तो सोनोग्राफीत पाहून सुईने ओढतात. मोठा छेद शक्यतो टाळतात.

त्रास जास्त असल्यास प्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड वजनाप्रमाणे सुरू करून आठवड्या-आठवड्याने उतरवत नेतात. गोळी सकाळी, पोटात अन्न गेल्यावर घ्यावी. काही आठवडे घेतलेली ही गोळी एकाएकी बंद केली तर शरीराचे स्वतःचे संप्रेरक तयार नसते आणि उलट्या, चक्कर, गळाठा येऊन जिवावर बेतू शकते. गोळ्या उतरवताना आजार पुन्हा डोके वर काढतो तेव्हा मेथोट्रेक्सेट जोडतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून पाकिटावर पेनाने ‘फक्त सोमवार’ असा वार लिहून ठेवावा आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी घ्यावी. मेथोट्रेक्सेटने गर्भाला अपाय होतो. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर डॉक्टर सांगतील तोपर्यंत गर्भ राहू देऊ नये. रुग्ण बहुधा मूल होण्याच्या वयातल्या असतात, म्हणून ही गोष्ट नवऱ्यासमोर, स्पष्ट शब्दांत व्हावी.

ऊसतोडीला किंवा परगावी जाणार असाल तर

बीड, जालना, परभणी भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडात राहतात. स्टेरॉइड उतरवण्याचा काळ नेमका यात आला, तर गोळ्या संपतात, मुकादम सुट्टी देत नाही आणि औषध तुटते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ सांगावे, की अमुक तारखेला जायचे आहे. शक्य असेल तर ते डोस त्यापूर्वी उतरवतील किंवा उपचाराचा वेगळा मार्ग निवडतील. आजाराचे नाव, तुकड्याच्या अहवालाचा क्रमांक, आजचा डोस आणि पुढच्या प्रत्येक आठवड्याचा डोस असलेली चिठ्ठी मागून घ्यावी, तिचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा आणि लागतील तेवढ्या गोळ्या सोबत न्याव्यात. कारखान्याजवळच्या नव्या डॉक्टरांनी वाहणारी जखम पाहून ती फाडण्याचा बेत केला, तर आधी ही चिठ्ठी दाखवावी. ताप चढला, कातडी झपाट्याने लाल होऊ लागली, किंवा उलट्या-चक्कर सुरू झाली, तर हंगाम संपण्याची वाट पाहू नये.

परत आल्यावर सोनोग्राफी करून घ्यावी आणि आधीच्या चित्रांशी ताडून पाहायला सांगावे. त्यासाठी जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म टाकून देऊ नयेत. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसचे रूपांतर कॅन्सरमध्ये होते असे आढळलेले नाही, मात्र एकदा हा आजार झाल्याने पुढे कॅन्सर होणारच नाही, असेही नाही. उपचार चालू असताना गाठ वाढत गेली, किंवा नव्या जागी गाठ लागली, तर जुना अहवाल सोबत घेऊन जावे आणि त्या गाठीचाही तुकडा काढून घ्यावा.